रुचिकाच्या नावाची बॅटरी

प्रभाकरराव गुल्हान्यांच्या दुकानात स्टीलची चकाचक भांडी आणि घरात चेपलेली जर्मनची पातेली, हा आष्टीतला जुना विनोद आहे आणि तो मीच सुरू केला. त्यांना त्याचा राग कधी आला नाही. उलट कोणी तोंडावर म्हटलं की ते खूश होत. वस्तू वापरली की ती संपते, म्हणून चांगली वस्तू वापरायची नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दिवाळीला शिवलेला सदरा पुढच्या दिवाळीपर्यंत घडीत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, बटणं पिशवीवरूनच दाबायची, त्यामुळे एक चॅनल लावायला गेलं की तिसरंच लागायचं. घरात एक लोखंडी कपाट आहे, त्याची किल्ली त्यांच्या करदोड्याला. त्या कपाटात काय काय आहे ते अनुसयाबाईंनाही, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, पुरतं ठाऊक नाही.

दुसरी त्यांची खोड म्हणजे नाव टाकणं. भांड्यावर नाव कोरायचं ते कर्रकर्र करणारं मशीन त्यांच्या गल्ल्याशेजारी कायम लावलेलं. लग्नसराईत गिऱ्हाइकांची रांग असते, पण रिकाम्या वेळी हा माणूस घरातल्या वस्तू आणून त्यांवर नावं टाकत बसतो. टॉर्च, छत्रीची मूठ, पाट, कुलूप. मी एकदा म्हटलं, "प्रभाकरराव, आता स्वतःच्या कपाळावर टाका." तर म्हणाले, "गुरुजी, चांगल्या वस्तूवर नाव पायजे. नाव टाकलं का वस्तू आपली होते."

मी इथल्याच शाळेत मास्तर होतो, आता घरी बसलो आहे. माझं घर त्यांच्या दुकानामागच्या गल्लीत. त्यांची एकुलती एक मुलगी रुचिका चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. पाढे म्हणायला उभी राहिली की खाली बसायची नाही, पुढचेही म्हणून दाखवायची. दहा वर्षांची असताना तिला ताप आला, तो उतरला तेव्हा दोन्ही पायांतली ताकद गेलेली. तेव्हापासून कुबड्या. राहायचं घर दुकानाच्या वर, जिना उभा आणि अरुंद. बापाने पोरीला जपायचं म्हणजे किती जपायचं? बारावीपर्यंत रिक्षाने नेली-आणली, आणि वर्ध्याच्या कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा बसले अडून. "तिथं कोण पाहीन तिले? पडली-झडली तर?" मी भांडलो. वसतिगृहाच्या बाईंशी बोलून आलो होतो, खालच्या मजल्यावरची खोली मिळत होती. नाहीच पाठवली. पोरगी घरी बसून, टपालाने पुस्तकं मागवून पदवीधर झाली आणि मग घरीच बसली. लग्नाकार्यालाही तिला नेत नसत. तिशी उलटली तरी तिला आष्टीचा बाजार धड माहीत नव्हता. बापाचं प्रेम होतं हो, प्रेमात खोट नव्हती. पण मला त्या प्रेमाचा राग यायचा आणि अजून येतो.

अनुसयाबाईंचा भाचा निकेश नागपूरला असतो. त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना रुचिकाला आणून दिला. बॅटरी मेलेली होती. वायर भिंतीत लावली तर चालायचा, आणि लाइट गेली की तत्क्षणी काळा. आष्टीत लाइट काय, मनात येईल तेव्हा जाते. तरी त्यावर रुचिका शिकली. मराठी, हिंदी दोन्ही टायपिंग असं सपाटून करायची की जिना चढताना वरून पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. मग तिने घरबसल्या कामं देणाऱ्या कंपन्या शोधायला सुरुवात केली. लोकांच्या तक्रारी वाचून मराठीतून उत्तरं लिहायची, असलं काम. अर्ज पाठवायची आणि प्रत्येक बातमी मला फोन करून सांगायची. बहुतेक ठिकाणी अर्ज पसंत पडला की घरूनच ऑनलाइन परीक्षा असायची, आणि एक अट: लाइट गेली तरी लॅपटॉप दोन तास चालला पाहिजे. नवा लॅपटॉप घेण्याची त्या घराची ऐपत नव्हती. तेव्हा बॅटरी शोधणं आलं.

इथे मात्र प्रभाकररावांना मानलं पाहिजे. ज्या माणसाने पोरीला वर्ध्याला पाठवलं नाही, तो तिच्या बॅटरीसाठी जिल्हाभर हिंडला. मेलेली बॅटरी रुमालात गुंडाळून, रुमाल सदऱ्याच्या आतल्या खिशात. आर्वीच्या मोबाइलवाल्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे मॉडेल बंद झालं, नवीन घेऊन टाका." वर्ध्यात तीन दुकानांत तेच ऐकलं. नागपूरला सीताबर्डीवर एकाने तशीच दिसणारी एक दिली, ती घरी आणून लावायला गेले तर खाच जुळेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पुन्हा नागपूरला, ती परत करायला. वाटेत हायवेवर चहाला उतरले तेव्हा ट्रकवाल्यांच्या बॅटऱ्या विकणाऱ्यालाही दाखवून आले. तो हसला म्हणे. मला हे सांगताना त्यांना त्या हसण्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "विचारून पाह्यलं, गुरुजी. विचाराले काय जाते?"

शेवटी पुलगावात सापडली. स्टेशनच्या रस्त्यावर मुकेश नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या लष्करी डेपोतल्या नोकरमाणसांचे बदलीच्या वेळी विकायला काढलेले लॅपटॉप त्याच्याकडे येतात, त्यामुळे जुन्या मॉडेलचा माल तो बाळगून असतो. डबाबंद, नवीकोरी, त्याच मॉडेलची एकच बॅटरी होती. त्या दिवशी मी सोबत होतो. लॅपटॉपही सोबत नेला होता, मुकेशने त्याला लावून दाखवली. वायर काढली आणि पडदा तसाच उजळलेला राहिला. प्रभाकरराव त्या पडद्याकडे असे पाहत राहिले की मुकेशने मला डोळ्याने विचारलं, काय झालं काकांना?

"किती दिवस चालते जी हे?"

"तीनशे वेळा चार्ज केली तरी काई होत नाई, काका. त्याच्यापुढं कमी कमी होत जाते."

हे ऐकलं आणि आमचा माणूस एकदम हलला. "काढा, काढा. फालतू खर्ची होऊन राह्यली."

मुकेश हसला, बॅटरी काढून डब्यात घातली. एक वर्षाची गॅरंटी दिली. दिवाळी जवळ आली होती. घरी आल्यावर प्रभाकररावांनी आधी खाली दुकानात बसून बॅटरीच्या काळ्या पाठीवर मशीनने नाव टाकलं: चि. रुचिका. अक्षरं सुरेख आली होती, वेलांटी तर देखणी. मग देवापुढे ठेवून कुंकवाचं बोट लावलं, डब्यात घातली, डबा तिच्या जुन्या फ्रॉकच्या कापडात बांधला आणि कपाटाला कुलूप.

रुचिकाने मागितली नाही असं नाही. दर दोन-चार दिवसांनी लाइट जायची, भरत आणलेला अर्ज उडून जायचा. मी तिथे बसलेलो असताना एकदा ती चिडली.

"बाबा, मले बॅटरी द्या ना. पुरा अर्ज गेला माहा."

"अर्ज पुन्हा भरता येते, बेटा. बॅटरी पुन्हा कुठून आणू? परीक्षेच्या दिवशी लावू आपण. कोरी करकरीत. त्या दिवशी तुले कायचीच कमी नाई पडाले पायजे."

"अहो पण आणली कायसाठी मग?"

"त्याच दिवसासाठी तं आणली."

ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "प्रभाकरराव, देऊन टाका. वस्तू वापरायला असते." तर म्हणाले, "तीनशे वेळा म्हणे तो. त्यातले इथंच घालवू काय?" आम्हा दोघांनाही विजेचं तेवढंच कळत होतं. आणि ज्याने एवढ्या चपला झिजवून ती आणली, त्याच्याशी किती वाद घालायचा, असं त्या पोरीच्याही मनात आलं असावं. ती पुन्हा अर्ज भरू लागली.

हिवाळा गेला. किती कंपन्यांनी उत्तरही दिलं नाही. काहींनी वय विचारलं आणि गप्प झाल्या. मे महिना लागला, पत्र्याखालची ती खोली भट्टीसारखी तापू लागली, आणि तशात एका कंपनीचं बोलावणं आलं. घरूनच परीक्षा, दीड तासाची, समोर कॅमेरा चालू. पास झाली की काम पक्कं. पण मध्ये बंद पडलं तर संधी गेली, पुन्हा बसता येणार नाही. मोबाइलवर चालणार नाही, लॅपटॉपच पाहिजे. रुचिकाने फोनवर हे सगळं एका दमात वाचून दाखवलं. वीस वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

मी तडक गेलो आणि प्रभाकररावांना म्हटलं, परीक्षेला हिला माझ्या घरी आणा. घर तळमजल्यावर आहे, इन्व्हर्टर आहे, पंखा चालू राहील. मुलगी तयार होती, तिने कुबड्याही ओढून घेतल्या होत्या. प्रभाकरराव म्हणाले, "काऊन जी? आपल्या घरी बॅटरी आहे ना." आणि करदोड्याची किल्ली त्यांनी मला दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो अभिमान होता तो पाहून मी आग्रह सोडला. आयुष्यभर जपण्याचं फळ एकदाचं हाताशी आलं होतं. परीक्षेला बसायच्या खोलीचे फोटो कंपनीला आदल्या दिवशी पाठवायचे होते, ते रुचिकाने दुकानावरच्या आपल्या खोलीचेच पाठवले. आता जागा बदलता येणार नव्हती.

परीक्षेच्या सकाळी मला बोलावलं होतं. अनुसयाबाईंनी दह्याची वाटी तयार ठेवली होती. प्रभाकररावांनी आंघोळ करून कपाट उघडलं, फ्रॉकच्या कापडाची गाठ सोडली, डबा काढला. बॅटरी खरोखरच कोरी होती, धुळीचा कण नव्हता, नावावर कुंकू तसंच. त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली, खट्ट आवाज झाला. रुचिकाने वायर लावून लॅपटॉप सुरू केला आणि कोपऱ्यातल्या चिन्हाकडे पाहत राहिली.

"शून्य दाखवून राह्यली," ती म्हणाली.

"होईन ना चार्ज. टाइम आहे अजून."

अर्धा तास झाला. शून्यच. तिने बॅटरी काढून पुन्हा लावली, पुसून लावली. वायर काढून पाहिली तर लॅपटॉप बंद. मुकेशला फोन लावला, त्याने उचलला नाही. प्रभाकरराव बॅटरीवर तळवा ठेवून उभे होते. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मला इतका संताप आला होता की मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. रुचिका मात्र शांत होती. "राहू द्या बाबा," ती म्हणाली, "लाइट जाईनच असं थोडी आहे."

परीक्षा सुरू झाली तेव्हा आम्ही तिघं जिन्यावर येऊन बसलो. खोलीत कोणी नको अशी अट होती. आतून तिच्या बोटांचा आवाज येत होता, न थांबणारा. अनुसयाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. तासभर तो आवाज चालला. पुढे आणखी काही वेळ. मला वाटू लागलं की निभलं. आणि पंख्याचा घरघराट हळूहळू मंद होत गेला, थांबला. आतला आवाजही थांबला.

बऱ्याच वेळाने प्रभाकरराव दारापाशी गेले. रुचिका काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर घेऊन बसली होती.

"चारच प्रश्न राह्यले होते," ती म्हणाली.

"बेटा..."

"मले एक डाव तरी लावून पाहू द्याची होती, बाबा. एक डाव."

ती ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या माणसाला निदान काही उत्तर तरी देता आलं असतं. लाइट थोड्या वेळाने आली, पंखा फिरू लागला. कंपनीला तिने लिहिलं, मीही लिहिलं. दोघांना एकच उत्तर आलं, सभ्य भाषेत. संधी एकदाच.

पुढच्या आठवड्यात प्रभाकरराव पुलगावला निघाले तेव्हा मी पुन्हा सोबत गेलो. मुकेशने बॅटरी तपासली, आमच्याकडे पाहिलं.

"काका, कधी लावली होती?"

"लावलीच नाई ना. तुमी दिली तशी कपाटात ठेवली होती. कपड्यात बांधून."

"इतके महिने? या उन्हाळ्यात?" त्याने कपाळाला हात लावला. "अहो, तशी ठेवली का आपोआप उतरत जाते ते. अन् पुरी उतरली का मग उचलतच नाई. वापरत राह्यले असते तं आज चांगली असती. ठेवली म्हणून मेली."

प्रभाकररावांना ते कळलं नाही असं मला वाटलं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे वापरली असती तं राह्यली असती?"

"हो जी."

"अन् न वापरता संपली?"

"हो ना काका. मलेच सांगाले पायजे होतं. पण नवीन बॅटरी आणून कोणी कपाटात ठेवीन, हे मले का माहीत?" गॅरंटीत बदलून मिळेल का, म्हणून मी विचारलं. मुकेशने पाठीवरचं नाव अंगठ्याने चाचपलं. "नावानं बॅटरी खराब नाई झाली, गुरुजी. पण नाव टाकलेला माल कंपनी परत नाई घेत."

दुकानाबाहेर एक बाक होता. त्यावर प्रभाकरराव बसले आणि रडू लागले. रस्त्यावर, माणसांच्या वर्दळीत, साठी ओलांडलेला माणूस. मी त्यांना वर्षानुवर्षं टोचून बोलत आलो होतो. त्या दिवशी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. त्यांनी मला एवढंच विचारलं, "गुरुजी, म्या तिचं वाईट पाह्यलं काय कधी?" मी नाही म्हटलं. ते खरंच होतं, आणि त्याने काहीही बदलत नव्हतं.

मुकेशला दया आली असावी. त्याने दिल्लीकडे चौकशी करून तसलीच दुसरी एक मागवली. ती यायला पावसाळा उजाडला. प्रभाकरराव एकटेच जाऊन घेऊन आले. या वेळी नाव टाकलं नाही, कपाट उघडलं नाही. बसमधून उतरून थेट जिना चढले आणि लावली.

पण रुचिकाने लॅपटॉप उघडणं सोडलं होतं. मी किती सांगितलं, दुसऱ्या कंपन्या आहेत, यादी काढू. ती हो म्हणायची आणि विषय बदलायची. एकदा सरळच म्हणाली, "गुरुजी, मी अर्ज भरून भरून थकली. थे एकच बोलावणं आलतं." मास्तरकीत मी भल्याभल्या हट्टी पोरांना वळवलं आहे. हिच्यापुढे मी हरलो, कारण ती हट्ट करत नव्हती. तिला काही नकोच होतं.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा लाइट गेलेली होती. जिना चाचपडत वर गेलो तर खोलीत निळसर उजेड. लॅपटॉप उघडा होता, त्याच्यासमोर प्रभाकरराव मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसतं निकेशने कधीतरी लावलेलं एका डोंगराचं चित्र. मुकेशने रोज वापरा, उतरली की लगेच चार्जिंगला लावा म्हटलं होतं, म्हणून ते रोज संध्याकाळी तो चालू करून असे बसतात, हे मला अनुसयाबाईंनी सांगितलं. त्यांना त्यातलं एक बटण कळत नाही. अधूनमधून चित्र विझू लागलं की बोटाने स्पर्श करून पुन्हा उजळवतात.

"पाहा गुरुजी," ते म्हणाले, "केव्हाची लाइट गेली, अन् हे चालूच आहे. मस्त बॅटरी आहे."

रुचिका त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. लॅपटॉपच्या उजेडात ती मेथी निवडत होती. काड्या एका बाजूला, पानं परातीत. मेथी संपली तेव्हा तिने परात बाजूला सारली आणि हात झटकले.

"झालं माह्यं, बाबा. बंद करा आता."

"राहू दे," प्रभाकरराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पुरी उतरू दे. मग लावतो चार्जिंगले."